ओठांवरची मिशी

शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून माधवनगरच्या गिरणीत आलो, तेव्हा एका पाथरवटानं मला आपल्या खोपटात जागा दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. काही बोलण्याआधी तो हातातल्या दगडावरची धूळ फुंकायचा. टाकी अडली की दगडालाच म्हणायचा, "सरक की गड्या."

लढाईत गावचे तिघे गेले. तिघांचा मिळून एक पुतळा करायचं ठरलं. घरटी एकेका माणसानं हात लावून दगड ओढत आणला. चेहरा पाथरवटानं तिघांच्या आयांना विचारून घडवला. एकीच्या लेकाचं नाक घेतलं, दुसरीच्या लेकाचं कपाळ. तिसरी म्हणाली, "ओठ माझ्या पोराचं कर, दादा. मिसरूड सुदिक फुटलं नव्हतं त्याला."

पुतळा होत आला आणि पाटील आले. "शिपाई हाय का बाई? मिशी काढ की रं!"

"आवं पाटील, वर दगूडच उरला न्हाई. ओठ खोदावं लागतील."

"मग खोद."

खोपट पाटलांच्याच जागेत होतं. त्यानं धूळ फुंकली आणि टाकी ओठांवर धरली. "नगं, दादा," म्हणत जवळच उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या आईनं त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवला आणि वर न बघता मला म्हणाला, "हिला घरला सोडून ये."

मी सोडून आलो.