सगळ्यांवर सारखी पाळत ठेवणारे मुख्तारसाहेब

मुख्तारसाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. साठीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात. पण मी गोडगोड लिहिलं तर पहिला संशय साहेबांनाच येईल.

मी किनवटच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. ते फोटो फाइल ट्रान्सफरच्या प्रोग्राममधून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जातात आणि तिथले डॉक्टर निदान कळवतात. मध्यंतरी माझे फोटो तिकडे सापडेनासे झाले. मी म्हणायची पाठवले, नांदेड म्हणायचं आलेच नाहीत. व्यवस्थापकांनी मला कामावरून काढायचं ठरवलं. तेव्हा नांदेडच्या दवाखान्याचे संगणकप्रमुख मुख्तारसाहेब आडवे आले. त्यांनी थोडी मुदत मागून घेतली आणि सर्व्हरवर लॉगिंग सुरू केलं. कोण आत आलं, कोणती फाइल ठेवली, कोणी पुसली, सगळ्याची वेळेसकट नोंद होऊ लागली.

मला वाटलं, हा आपल्यालाच पकडायचा सापळा. फोनवर सरळ विचारलं, "साहेब, माझ्यावर पाळत ठेवून राहिलात का?"

"हाव ताई," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमच्यावर बी, डॉक्टरांवर बी, माझ्यावर बी. कुणालाच सोडलं न्हाई."

असल्या बोलण्यावर मी भुलत नाही. नोंदी त्यांच्याच ताब्यात. काय ठेवायचं, काय गाळायचं, त्यांची मर्जी. मुदत संपल्यावर नांदेडला बोलावलेल्या बैठकीला गेले ती भांडायच्या तयारीनंच. डॉक्टरमंडळीही अवघडून बसली होती. आपण फोटो किती उशिरा उघडतो हे आता कळणार, ही धास्ती त्यांनाही होती. साहेबांनी आधी माझ्यासाठी चहा मागवला. मला त्याचाही संशय आला.

मग त्यांनी नोंदी पडद्यावर लावल्या. माझे फोटो पोचत होते. पोचल्यावर थोड्याच वेळात ते पुसले जात होते, आणि पुसणाऱ्याच्या जागी नाव होतं मुख्तारसाहेबांचं. जुन्या फायली आपोआप पुसायची व्यवस्था त्यांनीच लावली होती. आमच्या किनवटच्या संगणकाची तारीख मागे पडलेली, म्हणून ताजे फोटोही त्या व्यवस्थेच्या लेखी जुने ठरायचे.

"चूक माझी हाय," साहेब व्यवस्थापकांना म्हणाले. "ताईंची न्हाई. काढायचं तर मला काढा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः रेल्वेनं किनवटला आले. तारीख नीट केली, आणि ज्यांना पुन्हा एक्स-रेसाठी यावं लागलं होतं त्या तांड्यांवरच्या पेशंटांची माफी मागितली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो. शुगरच्या गोळ्या ते खरंच घेतात का, यावर भाभींनी नजर ठेवावी. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगून ठेवते. त्यांच्या नावाची ती नोंद बैठकीआधी एकट्या साहेबांनीच पाहिली होती. त्यांनी ती गुपचूप काढून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि मी घरी बसले असते.