खाडीचा एक तास

मला गर्व आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. सुना हळू आवाजात म्हणतात, नातवंडं तोंडावर म्हणतात. पण हा गर्व शिक्षणाचा नाही की नोकरीचा नाही. माझे बाबा भरतीची वेळ सांगायचे, आणि एकदा अख्ख्या वर्गासमोर त्यांनी ती सांगितली, त्याचा तो आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आम्ही कळव्याला खाडीच्या अंगाला राहायचो आणि बाबा मिठागरात कामाला होते. मिठागराच्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की ते त्या दारातून आत घ्यायचं आणि उतरायला लागायच्या आत दार पाडायचं, हे त्यांचं काम. वेळ हुकली की घेतलेलं पाणी आल्या वाटेनं परत. बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांचा हिशेब एकच होता: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता मुंबईला भरती, आणि आमच्या खाडीला त्यावर एक तास. चतुर्थी असली तर मुंबईला तीन, आम्हाला चार. हा हिशेब मला पाढ्यांच्याही आधी येत होता.

मी ठाण्याच्या हायस्कुलात नववीत होते. वर्गात मुली चारच, आणि मिठागरातली मी एकटी. मुलं मला ‘खारट’ म्हणायची. मी त्यांना काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भूगोलाचे मास्तर देशावरचे. शिकवायचे छान. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्याभोवती चंद्राची कक्षा काढली, आणि चंद्राच्या ओढीनं समुद्राचं पाणी कसं फुगतं ते समजावलं. मग खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून म्हणाले, “हे बघा, येत्या शनिवारी भरती दुपारी साडेचारला. आपल्या खाडीलाही तेव्हाच असणार.”

मी हात वर केला. “सर, ती मुंबईची. आपल्या खाडीत साडेपाचला येईल.”

“अगं, चंद्र एकच आहे ना? समुद्रही एकच. वीसेक मैलांनी काय फरक पडणार आहे?”

“पडतो सर. माझे बाबा सांगतात. ते उघाडी सांभाळतात.”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “खारटचा चंद्र वेगळा आहे, सर.” वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना माझी कीव येतेय. कोणी माझी कीव केली की माझं डोकं फिरतं, अजूनही. मी उभी राहूनच म्हटलं की शनिवारी सगळ्यांनी कळव्याला यावं आणि डोळ्यांनी बघावं. मास्तर म्हणाले, “येतो.”

घरी येईपर्यंत राग उतरला. बाबांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, “शनवारी सस्टी. सहाची पाऊनपट साडेचार, न् एक, साडेपाच. बरोबर हाय तुजं.” मग घास तोंडाशी नेता नेता थांबले. “पन अष्टमी जवल आली का पानी आलशी होतं. तेचा नेम नाय. दुसरा दिस नाय गावला तुना?”

नव्हता गावला. बाबांचा शब्द खोटा ठरला, तर मी त्या वर्गात पुन्हा तोंड वर करणार नव्हते. शाळाच सोडायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी चारच्या सुमाराला मास्तर कोट-टोपी घालून तीसेक मुलांना घेऊन बांधावर आले. बाबांना मी सदरा घालायला सांगितलं होतं. ते नेहमीसारखे उघडे, कमरेला पंचा, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. मला लाज वाटली. त्या लाजेची चीड मला आज सत्तर वर्षांनीही येते.

बाबांनी चुन्याचे पट्टे ओढलेला एक बांबू पाण्यात रोवला. मास्तरांनी घड्याळ हातात धरलं. साडेचार वाजले. मास्तर म्हणाले, “आता पाणी थांबायला हवं.” पाणी थांबलं नाही. एक पट्टा बुडाला. पावणेपाचला दुसरा बुडाला. पाच वाजता तिसरा, आणि पुढं उभ्या असलेल्या दोन मुलांच्या चपला भिजल्या तशी ती मागे सरकली. एव्हाना कोणी हसत नव्हतं.

सव्वापाचनंतर पाणी मंदावलं. चौथ्या पट्ट्याच्या खाली बोटभर येऊन रेंगाळायला लागलं. मला वाटलं, झालं, हे आत्ताच थांबणार. बाबांनी गवताची काडी तोडून पाण्यावर टाकली. ती हळूहळू आत, कल्याणच्या अंगाला वाहत गेली. त्यांनी दुसरी टाकली. तीही गेली. तिसरी टाकली ती जरा हलली आणि जागच्या जागी राहिली. बाबा म्हणाले, “भरली,” आणि वाकून उघाडीचं दार पाडलं.

मास्तरांनी घड्याळ बघितलं. पाच तेहतीस. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं, मग सगळ्या मुलांना दाखवलं. मग बाबांना विचारलं, “हा एक तास कशाचा, तुम्ही सांगाल का?”

“चांद बलवतो तो दर्याला, मास्तर. तिथून पानी चालत येतं हितवर. खाडी चिंचोली, वाटंत गाल-चिखल, तिवरांची झाडं. येल लागनारच.”

“ऐकलंत?” मास्तर मुलांना म्हणाले. “माझं चुकलं. मी कात्रण वाचलं, खाडी पाहिली नाही.” एवढ्या मुलांसमोर मास्तर असं म्हणाले, म्हणून त्यांचाही मला तितकाच गर्व वाटतो.

मग बाबांनी त्यांना एक विचारलं. आयुष्यभर त्यांनी तिथीमागे पाऊण तास धरला होता, पण चंद्र रोज एवढा उशीर का करतो ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर म्हणाले, “तुम्ही पृथ्वी व्हा. ही तुमची मुलगी चंद्र.” बाबांना बांधावर मधोमध उभं केलं, मला समोर. “आता तुम्ही जागेवर एक गिरकी घ्या, हा झाला एक दिवस. आणि अगं, तेवढ्यात तू त्याच दिशेनं यांच्याभोवती एक पाऊल पुढे जा.”

बाबा चिखलाच्या पायांनी, सगळ्या मुलांदेखत, सावकाश फिरले. गिरकी पुरी करून थांबले तर समोर मी नव्हते, एक पाऊल पुढे होते. ते गोंधळून बघत राहिले. मग उमगलं तसे आणखी थोडे वळले आणि पुन्हा माझ्यासमोर आले. मास्तर म्हणाले, “हा जो थोडा जास्तीचा फेरा तुम्ही घेतलात, तोच तुमचा पाऊण तास.”

बाबांनी वर बघितलं. फिकट चंद्र डोक्यावर होता. मग माझ्याकडे बघून ते हसले आणि मास्तरांना म्हणाले, “म्हंजे तेचा उशीर नाय. पोर पुढं जाते, बापाला वलाया येल लागतो.”

वर्गातल्या एकाही मुलानं त्यानंतर मला खारट म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी चाललं असतं.