माशांच्या पेटीतलं पाणी

दगडूमामांची नोकरी मी घालवली. बहात्तरच्या दुष्काळाचा दुसरा उन्हाळा, ज्येष्ठातला पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, म्हणून वेळ इतकी नेमकी सांगता येते. दगडूमामा कळंबला आमच्या सहकारी संस्थेत शिपाई होते आणि मी तिथंच कारकून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — चळवळीतल्या मित्रांना नाही, घरी नाही. मामांना सांगायची गरज नव्हती. ते समोरच उभे होते.

तुम्ही मला ओळखता ते पत्रकांवरून. जाब द्या, कारवाई करा, जनता माफ करणार नाही — ही माझी भाषा. दुसऱ्याला जाब विचारायचा तर माझं वाक्य कसं सरळ सुटतं. आज स्वतःला विचारतोय तर कुठून धरावं तेच कळत नाही. माशांपासून धरतो.

चेअरमनसाहेबांनी सोलापूरहून काचेची पेटी आणवली होती. आत आठ सोनेरी मासोळ्या, वर झाकणात एक दिवा. पाहुणे आले की साहेब आधी पेटी दाखवायचे, मग खुर्ची. तालुक्यातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि इथं काचेमागं पाणी चमकायचं. मला ती पेटी पहिल्या दिवसापासून खुपत होती. ह्यात माझं काही चुकलं का? — अजूनही वाटत नाही.

पेटीची निगा मामांच्या गळ्यात पडली. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. महिनाभर नुसतं बघून बघून त्यांनी सगळं ओळखलं. दिवा फार वेळ ठेवला की पाणी तापतं आणि मासोळ्या वर येऊन तोंडं उघडतात. खाणं जास्त पडलं की पाणी गढूळ होतं. पण दिवा आणि खाणं मामांच्या कामाच्या वेळात बसवायचं कसं? आठला झाडलोट. अकराला बँक, मग टपाल. बारा ते चार वीज नाही. त्यात साहेब कधी येतील त्याचा नेम नाही, आणि ते आले की दिवा लागलेला हवा. मामांनी हे सगळं डोक्यात जुळवलं आणि एक दिवस माझ्या टेबलाशी आले.

“भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. येवढं लिहून द्या. म्या रजेवर गेलो तर दुसऱ्याला कळाया पायजे.”

मी लिहून घेतलं. सकाळी आठ, दिवा. सव्वाआठ, चिमूटभर खाणं. दहा, दिवा बंद. साहेब आले तर दिवा, गेले की लगेच बंद. संध्याकाळी पाच, दिवा. सव्वापाच, खाणं. साडेपाच, दिवा बंद, कुलूप. गुरुवारी दोन बादल्या पाणी बदलणे.

“मामा, हे तर एस.टी.चं वेळापत्रक झालं,” मी म्हणालो.

“एस.टी. कवा वेळंवर येती, भाऊ? ह्ये वेळंवर हाय.”

कागद त्यांनी खळ लावून पेटीशेजारी भिंतीवर चिकटवला. खाली मामांची सही, वर माझं अक्षर. माझं अक्षर — हे लक्षात ठेवा.

आता पाण्याचं. इथं मला थांबून थांबून सांगावं लागणार आहे.

दोन बादल्या पाणी कुठून यायचं? कचेरीत पाण्याचा एक माठ होता. आल्यागेल्याला पाणी मी द्यायचो. शिपाई असताना कारकुनानं का? — तर मामा बौद्धवाड्यातले. त्यांनी माठाला हात लावू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. कुणी कधी बोललंही नव्हतं. पण मामा लावत नसत, आणि ‘तुम्ही द्या की मामा’ असं मी एकदाही म्हणालो नाही. ग्लास मी भरायचो. पाहुणे दोन घोट घ्यायचे, अर्धा ग्लास तसाच ठेवायचे. ते उष्टं पाणी मामा आठवडाभर दोन झाकलेल्या बादल्यांत जमा करायचे, रात्रभर निवळू द्यायचे आणि गुरुवारी पेटीत घालायचे. पेटीतलं जुनं पाणी दारातल्या लिंबाला. म्हणजे माशांसाठी चांगल्या पाण्याचा थेंबही जात नव्हता. फेकून द्यायचं पाणी मासोळ्यांच्या आणि लिंबाच्या कामी येत होतं. ही अक्कल त्या कचेरीत एकाच माणसाला होती. आणि हे माहीत असलेलाही तिथं एकच होता, मी.

तरी मी पत्रक लिहिलं. नोकरीत होतो म्हणून नाव न घालता. मामांचं वेळापत्रक जसंच्या तसं छापलं, दिव्याच्या आणि खाण्याच्या वेळांसकट. आणि शेवटच्या ओळीत एक शब्द वाढवला. ‘दोन बादल्या पाणी’ होतं, त्याचं मी ‘दोन बादल्या पिण्याचं पाणी’ केलं. खाली जाड टाइपात — आयाबहिणी घागरीसाठी उन्हात उभ्या, आणि संस्थेत मासे पितात. दोषींवर कारवाई झालीच पाहिजे.

तो शब्द हातून कसा गेला? चुकून गेला म्हणावं तर छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याकडून मीच तो दोनदा तपासून घेतला. मुद्दाम घातला म्हणावं तर — हो, मुद्दामच. नुसत्या पाण्यानं लोक पेटले नसते असं मला वाटलं. मामांचं काही होईल हे डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात दोषी म्हणजे चेअरमन. कारवाई करायची ती कोण करणार, हा प्रश्न पत्रक लिहिणाऱ्याला कधी पडत नाही. निदान मला पडला नाही.

सोमवारी सकाळीच दारात मोर्चा आला. चारशे बाया तरी असतील, रिकाम्या घागरी घेऊन. साहेबांनी मामांना टेबलासमोर उभं केलं आणि मला कागद-पेन घेऊन बसवलं. पत्रक टेबलावर होतं.

“काय रे, माशांना पिण्याचं पाणी घालतोस?”

“पिण्याचं न्हाय सायेब.”

“मग कुठलं?”

काय सांगणार होते मामा? की सायेब, तुमच्या माठाला मी शिवत न्हाय, मग पिण्याचं पाणी माझ्या हाती येईल कुठून? हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. बाहेर मोर्चा उभा असताना ते बोलायची छाती तिघांपैकी कुणालाच नव्हती. बरं, उष्टं गोळा करतो म्हणावं, तर साहेबांच्या पाहुण्यांचं उष्टं शिपाई साठवतो हीही तक्रारच झाली असती. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

“ह्यांना इचारा. ह्यांना ठावं हाय.”

साहेबांनी माझ्याकडं मान वळवली. मला ठाऊक आहे म्हणालो असतो, तर भिंतीवरचा कागद ज्याच्या अक्षरातला, पत्रकही त्याचंच, हे त्यांना तिथंच उमजलं असतं. मी घड्याळाकडं पाहिलं. साडेदहा.

“मला काही माहीत नाही,” मी म्हणालो.

मामांनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही. कामावरून कमी केल्याचा हुकूम साहेबांनी तोंडी सांगितला आणि मी लिहिला. त्याच अक्षरात. मग साहेब बाहेर जाऊन मोर्चाला म्हणाले, दोषीवर कारवाई केली आहे, आणि आजपासून संस्थेच्या गोदामातला हौद गावाला खुला. टाळ्या पडल्या. मी खिडकीत उभा होतो. मीही वाजवल्या.

गोंधळ आहे तो इथं. हौद खरंच खुला झाला. पाऊस येईपर्यंत बायांनी त्यावरून पाणी नेलं, बौद्धवाड्यातल्या बायांनीसुद्धा. मग माझ्या शब्दानं पाणी आणलं की नोकरी घेतली? दोन्ही खरं असेल तर मी एकाकडं बघू की दुसऱ्याकडं? भाषणात मी नेहमी पहिलंच सांगितलं. लोकांनी खांद्यावर थाप मारली की तेवढा वेळ दुसरं खोटं वाटायचं. मग घरी आलो की पहिलं खोटं वाटायचं.

नवा शिपाई येईतो मासोळ्या माझ्याकडं आल्या. भिंतीवरचं वेळापत्रक मीच पत्रकासाठी काढून नेलं होतं. पाठ होतं, पण माझ्या वेळा मामांच्या नव्हत्या. दहाला यायचो, दिवा लावायचो आणि सभेला निघून जायचो. दिवा तापत राहायचा. खाणं दोन चिमटी टाकायचो, जणू त्यानं काही फिटणार होतं. नऊ दिवसांत आठही मेल्या. साहेबांनी पेटी अडगळीत टाकली. आणि माठ? माठ जिथं होता तिथंच राहिला, पाणी मीच देत राहिलो. समतेवर मी नंतर कितीतरी पत्रकं काढली. त्या माठावर एकही नाही.

मामा खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेले. पुढं नळदुर्गला लेकीकडं राहायला गेले. गेल्या वर्षी सभेसाठी तिकडं गेलो, तर हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर ते भांडी घासताना दिसले. केस सगळे पांढरे. मला ओळखलं. हात पुसत जवळ आले. मला वाटलं, आता विचारतील. मनाची तयारी केली. खोटं कशाला सांगू — मोटार कुठं उभी आहे तेही बघून ठेवलं.

“बसा भाऊ. च्या घ्या,” ते म्हणाले. मग विचारलं, “मासोळ्या हायत का वो अजून?”

“आहेत,” मी म्हणालो.

“वेळंवर घालतात का खायला?”

“घालतात, मामा.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भांड्यांकडं गेले. चहा आला. तो मी प्यालो.

ते पत्रक अजून पुष्कळांच्या घरी आहे. काहींनी जपून ठेवलंय, मला दाखवलंही आहे, कौतुकानं. तुमच्याकडं असेल तर आज काढा. खालून चौथी ओळ. ‘पिण्याचं’ हा शब्द खोडा. वर ‘उष्टं’ लिहा, आणि शेजारी दगडूमामांचं नाव. पत्रकाच्या शेवटी लिहिणाऱ्याची जागा कोरी आहे. तिथं माझं नाव लिहा. शाईनं लिहा.