अक्कानं दाबलेलं बटन

कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क असतील आणि विंडोज नव्यानं टाकायचं असेल, तर जिच्यात आपला जीव अडकलाय ती डिस्क आधी काढून बाजूला ठेवावी. वायर ओढली की झालं. हे मी ऑफिसात कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. एरवी दिवसभरात माझ्या तोंडून दहा वाक्यं निघत नाहीत, त्यातलं हे एक. लोकांना वाटतं, माणूस फार जपून काम करणारा आहे. हे मी कुठं शिकलो, ते मात्र बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी नांदेडला असतो. माझी मोठी बहीण, अक्का, लातूरला. दाजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त झालेत. पण त्यांचा खरा उद्योग शाळा सुटल्यावर सुरू व्हायचा. आमच्या समाजातली लग्नं जुळवणं. फुकट. कुणाची मुलगी बी.एड. झाली, कुणाच्या मुलाला तलाठ्याची नोकरी लागली, की बायोडाटा दाजींकडे यायचाच. आधी कागदाची भेंडोळी होती. मग मी त्यांना एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला आणि दाजींनी दोन बोटांनी टाइप करत सगळी पोरं-पोरी त्यात बसवली. प्रत्येक तालुक्याचं एक फोल्डर. बिलोली, औसा, हिमायतनगर. प्रत्येक बायोडाट्याच्या तळाशी दाजींची स्वतःची एक ओळ असायची, जी कुणाला दाखवायची नाही. ‘मुलगी हुशार, बाप तापट.’ ‘मुलगा चांगला, पण आईला विचारून शिंकतो.’ लग्नं जुळायची ती त्या ओळीवर.

कॉम्प्युटरमध्ये मी दोन डिस्क बसवल्या होत्या. जोडी दिसावी म्हणून हौसेनं दोन्ही एकाच मापाच्या घेतलेल्या. एकीवर विंडोज, म्हणजे सी. दुसरीवर दाजींचा संसार, म्हणजे डी. आपल्याकडे तेव्हा सगळ्यांचा एकच कायदा होता, सी उडाली तर उडू द्या, डीला काही होत नाही. मी तर डीच्या पत्र्यावर काळ्या मार्करनं मोठा ‘डी’ सुद्धा लिहून ठेवला होता. लिहिलं की सुरक्षित, असा माझा भाबडा हिशेब.

मग कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला. चालू करायचा, चहा प्यायचा, तरी पडदा निळाच. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा दाजी म्हणाले, “पाहुणे, एवढं झाडून पुसून द्या बरं. पोरी दाखवायला उशीर होऊन राहिला.”

कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत डाळ मिलचं पीठ म्हणावं अशी धूळ. ओट्यावर नेऊन, सगळ्या वायरी काढून, रंगाच्या ब्रशनं साफ केला आणि परत सगळं जोडलं. दाजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, “पाहुणे, एक इचारू का? घर रंगवायचं म्हणलं की आपण सामान भाईर काढतो का न्हाई? मग ही पोरींची पेटी आत कशाला? काढून ठिवू का बाजूला?”

एवढं साधं, एवढं बरोबर. पण दोन बोटांनी टाइप करणारा माणूस मला शिकवतोय, हे मला लागलं. मी म्हणालो, “गरज नाही दाजी. मला दिसतंय की सगळं.”

दिसत काय होतं? विंडोज टाकताना सी आणि डी ही अक्षरं नसतात. तिथं नुसतं डिस्क शून्य आणि डिस्क एक. दोन्हींचं माप सारखं. मी शून्य म्हणजे सी धरलं, कारण नेहमी तसंच असायचं. धूळ झाडून परत जोडताना वायरींची अदलाबदल झाली असेल, हे डोक्यातच आलं नाही. शून्यावर मोकळी जागा कमी दिसत होती, तेही पाहिलं. मनात म्हटलं, व्हायरसनं भरली असेल. आणि दाजींशी उसाच्या भावावर बोलत बोलत ‘डिलीट’ दाबलं. पुसू का, खात्री आहे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. हो म्हणालो.

विंडोजच्या फायली उतरू लागल्या. दाजी उठून चष्मा पुसायला गेले. मी सहज वाकून उघड्या डब्यात हात घातला. एक डिस्क गार, गप्प. दुसरी गरम, आतून टकटक करणारी. त्या टकटक करणारीवर काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं, डी.

बिलोली गेली, औसा गेला, हिमायतनगर गेलं. तापट बाप गेले, आईला विचारून शिंकणारे गेले.

आणि नेमकी त्याच वेळी अक्का मिक्सर घेऊन आली. स्वयंपाकघरात व्होल्टेज कमी, म्हणून शेंगाची चटणी ती नेहमी मधल्या खोलीतल्या बोर्डावर करायची. डोक्यात दिवाळीचा फराळ. तिनं बोर्डाचं बटन बंद केलं, आमचा प्लग काढला, तिचा लावला. पडदा काळा.

“अगं ए!” दाजी दारातूनच ओरडले. “काय केलीस गं? चालू हाय न्हवं ते!”

“मला काय म्हाईत! मला वाटलं, झाडून झालं असंल.”

परत चालू केलं. दाजींनी मला विचारलं, “पोरी दिसनात. अशानं उडते का हो डिस्क?”

इथं मी बोलायला हवं होतं. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस, त्या दिवशी नेमका बोललो. म्हणालो, “उडते कधी कधी.”

एवढंच. तीन शब्द. खोटंही नव्हतं पुरतं. उडते खरीच कधी कधी.

डी काढून मी माझ्या पिशवीत टाकली, “नांदेडला दाखवतो कुणाला तरी” असं म्हणालो, उरलेल्या डिस्कवर विंडोज टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. नांदेडला कुणालाही दाखवली नाही. कशी दाखवणार? दाखवली असती तर तो म्हणाला असता, साहेब, ही तर ठणठणीत आहे, कुणीतरी हातानं पुसलीय. टॉवेलात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली, बायकोच्या शालूखाली.

दाजी मात्र खचले नाहीत. दर रविवारी एसटीनं गावोगाव फिरून त्यांनी सगळे बायोडाटे परत गोळा केले. त्यात गंमतीही झाल्या. पहिल्यांदा लिहून घेतल्यापासून दोन वर्षांत कुणाची उंची दोन इंच वाढली होती, कुणाचं वय एक वर्षानं कमी झालं होतं. बिलोलीतल्या दोन स्थळांनी तर परस्परच जुळवून टाकलं होतं आणि दाजींना पत्रिकाच हातात दिली. दाजी वरून रागावले आणि आतून खूष झाले. पण प्रत्येक घरी एक प्रश्न यायचाच, गुरुजी, परत कशाला लिहून घेताय? आणि दाजी प्रत्येक घरी तेच सांगायचे. “आमच्या घरच्यांनी चटणीसाठी बटन दाबलं.”

चार तालुक्यांत अक्काचं नाव झालं. लग्नात बायका एकमेकींना दाखवायच्या, “त्या बगा, बटनवाल्या बाई.” मंगल परिणयाच्या मंडपात कुणी पंखा बंद केला तरी मागून आवाज यायचा, “अक्का आल्या वाटतं!” अक्का हसायची. मीही हसायचो. माझं हसणं मला अजून आठवतं, आणि ते आठवलं की मला आरशात बघवत नाही.

दाजींनी त्या बोर्डाच्या बटनावर लाल चिकटपट्टी लावली. अक्कानं त्या खोलीत मिक्सर आणणं सोडलं. मागच्या दारी, नळाजवळ, उकिडवं बसून ती चटणी वाटायची. दर वेळी निघताना मला डबा भरून द्यायची. बारा वर्षं मी ती चटणी खाल्ली.

यंदा दाजींनी नवा कॉम्प्युटर घेतला. आता बायोडाटे व्हॉट्सॲपवर येतात, पण दाजी म्हणतात, मोबाईलमध्ये पोरी हरवतात. मला फोन आला, “पाहुणे, या. आवंदा दोन डिस्क लावू परत.” मी कपाट उघडलं. शालूखालून टॉवेल काढला, पिशवीत घातला. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि अहमदपूर येईपर्यंत पहिलं वाक्य जुळवत राहिलो. जुळलं नाही.

पोचलो तेव्हा दाजी दूध आणायला गेले होते. मी डबा उघडला. नव्या कॉम्प्युटरमध्ये बोटाएवढी एक नवी डिस्क होतीच, विंडोजसाठी. पिशवीतली जुनी काढून शेजारच्या रिकाम्या खणात बसवली, वायर लावली. दिसते का ते पाहिलं. दिसली. बारा वर्षांनी, रिकामी पण ठणठणीत. मग विंडोज टाकायच्या आधी मी तिची वायर परत ओढून काढली.

अक्का उंबऱ्यातच उभी होती. कॉम्प्युटर चालू असला की ती त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

“लावलीस आन् काढलीस. काय करायलास रे?”

“चुकून हिच्यावर विंडोज पडू नये म्हणून.”

“अन् ही कुठली? लई जुनी दिसायली.”

“तीच.”

“कोणती तीच?”

“तू उडवलेली.” मग एकदम सगळंच बाहेर आलं. “तू उडवली नव्हतीस अक्का. तू बटन दाबलंस त्याच्या आधीच मी पुसून टाकली होती. वायरी चुकल्या माझ्याकडून. दाजी सांगत होते काढून ठेवा, मी ऐकलं नाही. डिस्कला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.”

अक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी लहानपणी तिची पाटी फोडली होती, तेव्हा असंच बघत होती.

“बारा वर्षं?”

“हो.”

“मी मागच्या दारी बसून चटणी वाटायले बारा वर्षं. गुडघे गेले माझे. आन् तू डबे न्यायलास?”

“हो.”

“तिखट लागत न्हवती का रे तुला?”

तेवढ्यात दाजी दुधाची पिशवी घेऊन आत आले. अक्का म्हणाली, “सांग. मला सांगितलंस तसं सांग, एक शब्द गाळू नको.” मी परत सांगितलं. दाजी खुर्चीत बसले. दुधाची पिशवी त्यांनी मांडीवरच धरली होती.

“म्हणजे पाहुणे,” ते हळूच म्हणाले, “म्या चार तालुक्यात हिचं नाव खराब केलो?”

“मी करू दिलं, दाजी.”

“घर रंगवताना सामान भाईर काढतात, म्हणलो होतो का न्हाई म्या?” आणि दाजींना हसू फुटलं. अक्का मात्र हसली नाही.

“हसू नका. आधी ग्रुपवर टाकायचं. तुमी बी, हा बी. बोलून टाका, लिहून नको. मला ऐकायचंय.”

पाहुण्यांचा ग्रुप आहे आमचा, बराच मोठा. मी त्यावर आजवर अंगठ्याच्या पलीकडे काही टाकलेलं नाही. अक्कानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी बोललो, आणि बोलण्याच्या भरात दाजींची ‘बाप तापट’ ही ओळही सांगून बसलो. दाजी माझ्यानंतर बोलले, चुकलो म्हणाले, गुरुजींच्या आवाजात, थांबत थांबत. मग उत्तरं सुरू झाली. बिलोलीहून एक मावशी म्हणाली, “आता आमी कुणाला चिडवावं?” हिमायतनगरहून कुणीतरी विचारलं, तापट बाप असं कुणाबद्दल लिहिलं होतं. दाजींनी फोन घाईनं उलटा ठेवला.

विंडोज टाकून झालं. वायर परत जोडली. दाजींनी आपल्या हातानं कॉम्प्युटर नीट बंद केला, पडदा काळा होईपर्यंत थांबले.

अक्का उंबरा ओलांडून आत आली. बोर्डावरची लाल चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. अर्धी निघाली, अर्धी तिथंच राहिली.

“झालं का बंद? बगा नीट.”

“हाव,” दाजी म्हणाले.

तिनं बटन दाबलं, आमचा प्लग काढला आणि मिक्सर लावला. त्या आवाजात दाजी माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी मला डबा मिळाला नाही. मला तो मागायचा धीरही झाला नाही.