शून्यांची ताडपत्री

जागा अडवणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील. पण निव्वळ शून्यांनी जागा अडवणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला सीनियर म्हणून लाभला. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा रोज कामठीहून बसने येत. बस नीट थांबायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, ही विद्या ते तिथे शिकले आणि पीएच.डी.ला आल्यावर त्यांनी ती थेट विज्ञानात आणली.

आमच्याकडे मोठमोठी गणितं करायला खोलीभर संगणक एकमेकांना जोडून ठेवलेत, आणि त्या सगळ्यांची डिस्क एकच, सामायिक. ती भरली की कुणाचंही चालू काम जागच्या जागी मरतं. म्हणून शहाणी माणसं काम झालं की आपला पसारा उचलतात. दादा काम सुरू व्हायच्या महिनाभर आधी पसारा मांडत. नुसत्या शून्यांनी भरलेल्या अवाढव्य फायली डिस्कवर टाकून ठेवायच्या, आणि काम निघालं की एकेक पुसून तेवढी जागा वापरायची! लहान फायलीचं नाव ‘रुमाल’, मधलीचं ‘पंचा’, त्याहून मोठीचं ‘सतरंजी’. आणि सगळ्यांच्या उरावर पसरलेली एक ‘ताडपत्री’. बरेच दिवस कुणी हात न लावलेल्या फायली यंत्रणा आपोआप पुसते, तर हे महाशय दर शनिवारी प्रत्येक फाइल उघडून बंद करत, लग्नाच्या मांडवात पाहुण्यापाहुण्याची विचारपूस करत फिरणाऱ्या वधुपित्यासारखे.

बरं, डिस्कपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पार्किंगमध्ये कडुनिंबाच्या सावलीतल्या एकुलत्या एक जागेवर दादांचं हेल्मेट ठेवलेलं असे. गाडी त्यांच्याकडे नव्हती. मी मनीषनगरहून तापत येऊन स्कूटी उन्हात लावणार आणि सावलीत हेल्मेट विसावणार! “दादा, गाडी नाही तर हेल्मेट कशाला?” विचारलं, तर म्हणाले, “अन् उद्या घेतली त ठेवाची कुठी?”

मी पत्रकं लिहून वाढलेली मुलगी. वस्तीच्या नळापासून वसतिगृहाच्या मेसपर्यंत कुणाची गय केली नाही, यांची कशी करणार? ‘सामायिक साठा कुणाच्या बापाचा?’ असं पत्रक प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलं. दादांनी ते बोट फिरवत, उभ्याने, अथपासून इतिपर्यंत वाचलं.

“भाषा कडक आहे वं नेताबाई. पण खाली एवढी जागा कोरी काहून सोडली? कोणी बसून जाईन ना तिथं!”

दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या जागेवर घरगुती डब्याची जाहिरात होती.

त्या वर्षी माझा सगळा जीव विश्वकिरणांच्या एका गणितात अडकला होता. शोधनिबंध तपासणाऱ्यांनी ते पुन्हा करून मागितलं होतं. मुदत सोमवारची, आणि वाढवून मिळणार नाही असं साफ कळवलेलं. कित्येक आठवडे चाललेलं ते काम संपत आलं, आणि शुक्रवारी दुपारी दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी आपल्या डेटाचा डोंगर आणून डिस्कवर ओतला. जागा डोळ्यांदेखत आटू लागली. मी एकेकाला फोन केले, थोडं काहीतरी पुसा म्हणून हातापाया पडले. प्रत्येकाचा डेटा महत्त्वाचा होता. शेवटी दातओठ खात दादांना लावला. ते बसमध्ये होते. सीटवर बसलेले, हे सांगायला नकोच.

“रडून काहून राहिली वं? ताडपत्री उचल न माही.”

“तुमची फाइल मी कशी पुसणार? मला परवानगी कुठे आहे?”

“आहे. तू पत्रक लावलं ना, त्याच दिवशी तुले देऊन ठेवली. म्हटलं, पोरगी भांडते लय, पण जागा धरत नाही. एखाद्या दिवशी उभी राहीन बिचारी.”

मी पुसली. डिस्कने श्वास सोडला, माझं गणित तगलं, निबंध वेळेत गेला. पण मी का गप्प बसते? सोमवारी दादांना गाठून सुनावलं, “तुमच्या ताडपत्र्या नसत्या तर डिस्क भरलीच नसती!”

“तेही खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “मंग ती जागा दुसऱ्यायनं भरली असती. अन् तू फोन केल्यावर त्याच्यातला कोण उठला असता वं?”

पत्रकातला एक शब्दही मी आजतागायत मागे घेतलेला नाही. ती दांडगाईच होती. पुढे दादा नोकरीला बंगळूरला गेले, जाताना रुमाल, पंचे, सतरंज्या सगळं पुसून गेले. मग पत्रकातली माझी मागणी मान्य झाली: आता डिस्कवर प्रत्येकाला सारखा वाटा, कुणाची दादागिरी नाही. जो तो आपला वाटा काठोकाठ भरून बसतो, आणि कुणाचं काम मरायला लागलं तर बाकीचे नियम दाखवतात. नियम मीच लिहून दिलेला आहे.

कडुनिंबाखाली हेल्मेट अजून तसंच आहे, न्यायचं विसरले की मुद्दाम ठेवलं, कोण जाणे. नवी मुलं ते उचलायला गेली की मी खेकसते. माझी स्कूटी उन्हातच असते.