सेगुलामावशींचा सेफेर

शनिवारी सेगुलामावशींकडे पंखा लावायला मी जाते. आधी माझी आई जायची. मावशी ज्यू, इस्रायल आळीतल्या, आमच्या शेजारच्या. शुक्रवारी दिवस मावळला की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्या गॅस पेटवत नाहीत, बटण दाबत नाहीत. मला सांगतही नाहीत, कारण सांगणंही त्यांच्यात चालत नाही. "मी सांगायचा न्हाय आन् तू इसरायचा न्हाय," असा आमचा करार आहे.

आळीतल्या सिनेगॉगमध्ये हाताने लिहिलेल्या तोरेची, त्यांच्या धर्मग्रंथाची, एकच गुंडाळी होती. तिला ते सेफेर म्हणतात. खाऱ्या हवेने तिची शाई सुटली, आणि एक अक्षर जरी तुटलं तरी सेफेर वाचायचा नसतो. मग शनिवारी छापील पुस्तकावर भागवावं लागलं. मावशींचे यजमान शिमशोनकाका ही हळहळ मनात ठेवूनच गेले. तेव्हा मावशींनी ठरवलं, काकांच्या नावाने नवा सेफेर लिहून घ्यायचा आणि आपल्याच आळीतल्या पुरुषांनी तो दर शनिवारी वाचलेला आपल्या कानांनी ऐकायचा. दुसरं काही त्यांना नको होतं.

दोघे मुलगे, एलियास आणि नेसीम, इस्रायलला. तिथल्याच एका लेखनिकाने तो लिहून पुरा केला. "कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवतो," नेसीम फोनवर म्हणाला. मावशी कसल्या ऐकतात! दोन मुलगे असताना बापाच्या नावाचा सेफेर परक्याच्या सामानातून यायचा? दोघांनी मिळून आणायचा, छत्राखाली, वाजतगाजत.

मग काय, एलियासला रजा मिळाली तर नेसीमच्या बायकोचं बाळंतपण. ते आटपलं तर तिकडे लढाई, विमानं बंद. प्रार्थना चालवायचे दाविदकाका. त्यांचा गळा असा की निवडायचे तांदूळ हातातच धरून आम्ही पडवीत ऐकत बसायचो. दर शनिवारी ते विचारायचे, "आला काय गो सेफेर?"

"पोरगे येतील तवा आनतील," मावशी म्हणायच्या.

मी एकदा तोंडावर सांगितलं, मावशी, हट्ट सोडा. महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

इकडे आळी रिकामी होत होती. एकजण ठाण्याला लेकीकडे गेला, दोघे भाऊ घर विकून मुलांमागे इस्रायलला गेले, एकाने अंथरूण धरलं. सेफेर बाहेर काढून वाचायला दहा पुरुष लागतात, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्यात माणसं मोजत नाहीत. लहानपणी मलिदा वाटताना मी बोट दाखवून पोरं मोजायला लागले, तर मावशींनी हातावर चापट मारली होती. "मानसा मोजू नको गो, नजर लागते!" पुस्तकातून प्रार्थना म्हणायला कितीही जण चालायचे, त्यामुळे दहा उरलेत की नाहीत हे कोणी पाहिलंच नाही.

गेल्या गणपतीत दाविदकाका गेले. दिवाळीनंतर दोघे मुलगे सेफेर घेऊन आले. छत्र धरलं, ढोल वाजला. अलिबाग-ठाण्याहून इतके पाहुणे आले की मांडवात जागा पुरेना. ठाण्याच्या एका तरुणाने सेफेर वाचला. चांगला वाचला, पण घाईत. बायकांच्या बाजूला मावशी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. दोन दिवसांनी मुलगे परत गेले.

पुढच्या शनिवारी ठेवणीतली साडी नेसून मावशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. पुरुष आले. बराच वेळ वाट पाहिली. मग एकाने उठून छापील पुस्तकच उघडलं. सेफेरच्या कपाटाचा पडदा कोणी सरकवला नाही.

दुपारी मी पंखा लावायला गेले तर त्या साडीसुद्धा न बदलता खाटेवर बसलेल्या. "दाविद हुता, त्ये दोघं भाऊ हुते, तवाच आनाया पायजे हुता," म्हणाल्या. त्यांचं चुकलंच होतं, आणि मला त्यांची फार दया येत होती. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात मानसा मोजली तर चालतं ना गो?"

त्यानंतर त्यांनी पुन्हा हा विषय काढला नाही. आता शनिवारी सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसतात आणि माझ्याकडे बघतात. मी पंखा लावते, बाहेर येते आणि सिनेगॉगच्या फाटकातून आत जाणारे पुरुष मोजते. परवा सहा होते.

"अजून येतायत, मावशी," मी सांगते.