टोकाच्या बांधीला आधी पाणी

करिअर मार्गदर्शक हे पद माझ्याकडे कसं आलं, तर मी त्या दिवशी रजेवर होते. आमच्या शाळेत मीटिंगला जो हजर नसतो, त्याच्या गळ्यात नवं काम पडतं. मी मराठी शिकवते. पवनीजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात माझं निम्मं आयुष्य कविता, निबंध आणि पत्रलेखनात गेलं, आणि एका सकाळी कळलं की आता मुलांचं भविष्यही मलाच घडवायचं आहे. "तुमचं बोलणं चांगलं आहे मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. माझ्या बोलण्याला त्यांनी चांगलं म्हटल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

मग भंडाऱ्याला प्रशिक्षण. पडद्यावर चित्रं दाखवणारे एक साहेब होते. प्रत्येक वाक्यात 'धोरण' हा शब्द आला नाही तर त्यांना गुदमरायला होत असावं. धोरण विद्यार्थीकेंद्री आहे, धोरण सर्वसमावेशक आहे, धोरणाप्रमाणे दहावीनंतर प्रत्येक मूल आपली वाट आपण निवडणार आहे. अकरावीचे प्रवेश आता गावोगावी ऑनलाइन. ना कोणाची ओळख लागणार, ना चकरा माराव्या लागणार. घरबसल्या, मोबाइलवर, आपापल्या पसंतीनं. मी हात वर करून म्हटलं, "सर, आमच्या गावात नेटवर्क फक्त तळ्याच्या पाळीवर चढलं की येतं." साहेब म्हणाले, "मग पाळीवर बसा!" सगळं सभागृह हसलं. मीही हसले, कारण चहा अजून यायचा होता.

येताना आम्हाला पोस्टरांची एक गुंडाळी मिळाली. पायलट, फॅशन डिझायनर, मर्चंट नेव्ही. ती मी दहावीच्या वर्गात लावली. मर्चंट नेव्हीचं पोस्टर खिडकीशेजारी आलं आणि खिडकीतून दिसायचं आमचं तळं, त्यात डुंबणाऱ्या म्हशींसकट. त्याआधी धोरणानं आम्हाला एक व्यवसाय विषयही दिला होता, रिटेल. मोठ्या मॉलमध्ये गिऱ्हाइकाचं स्वागत कसं करायचं, वस्तू कशा मांडायच्या, ते त्यात शिकवायचं. गावात किराण्याची दोन दुकानं. दोघेही दुकानदार गिऱ्हाइकाला 'काय पाह्यजे?' असं खेकसून विचारतात आणि दोघांचंही उत्तम चालतं. पोरं मात्र रिकाम्या खोक्यांच्या रांगांपुढे उभं राहून 'सुस्वागतम्' म्हणत होती. मला राग पोरांचा यायचा नाही. विषय देताना गावात काय आहे, काय नाही, हे कोणीच विचारलं नव्हतं, त्याचा यायचा.

त्या वर्षीच्या दहावीत एक मुलगी होती. बोलायला कमी, पण काय करायचं आहे हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिला रक्त तपासायची लॅब काढायची होती. आमच्या गावात कोणाला ताप आला आणि डॉक्टरनं रक्त तपासायला सांगितलं की पवनीला जायचं, तिथे रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. तापलेल्या माणसाला दोनदा बसमध्ये कोंबायचं. तिचं म्हणणं असं की हे काम गावातच व्हायला पाहिजे आणि ते ती करेल. माझ्या सगळ्या पोस्टरांमध्ये हे करिअर नव्हतं. त्यासाठी आधी अकरावी-बारावी विज्ञान लागतं, एवढं मात्र मला माहीत होतं, आणि ते मी तिला सांगितलं.

विज्ञान म्हणजे पवनीचं कॉलेज. सकाळच्या बसनं जायचं, दुपारच्या बसनं परत. तिच्या वडिलांची अटही तीच होती. तळ्याखालीच त्यांची धानाची शेती. ते शाळेत येऊन मला म्हणाले होते, "शिकवतो ना जी. पवनी असंन तं शिकवतो. पण पोरगी रोज घरी आली पाह्यजे. होस्टेल-गिस्टेल आपल्याले जमत नाही." मी म्हटलं, पवनीला जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, काळजी करू नका. मार्कही चांगले पडले. मी माझ्या परीनं तो विषय मिटवला होता.

फॉर्म भरायच्या वेळी मी सगळ्यांना बजावलं होतं की पसंतीचे दहाही रकाने भरा, कारण साहेबांनी तसं बजावलं होतं. अडलं तर घरी या, असंही म्हटलं होतं. माझं घर शाळेला लागून आहे. पण मृग लागलेला, प्रत्येक घर पऱ्हे टाकायच्या, म्हणजे धानाची रोपं करायच्या घाईत. बाप-लेक संध्याकाळी पाळीवर बसले आणि त्यांनी दोघांनीच फॉर्म भरला.

पहिली यादी लागली तेव्हा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होता. दुपारी ते दोघं शाळेत आले. वडिलांच्या पिंडऱ्यांवरचा चिखल वाळलेला, मुलीचा चेहरा पांढरा. मोबाइलवर मेसेज होता. अभिनंदन, तुम्हाला तुमच्या पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालेलं आहे.

"मॅडम, हे नाकाडोंगरीकडचं कसं काय लागलं जी?" वडील म्हणाले.

नाकाडोंगरी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक. तिकडे जंगल आहे, खाणी आहेत. इथून रोज जाऊन-येऊन तिथे शिकणं निव्वळ अशक्य. मी फॉर्म उघडून पाहिला. पहिल्या रकान्यात ते कॉलेज. खाली तुमसरकडची काही, मग शहापूरच्या बाजूचं एक, मग आणखी जवळची. पवनी सगळ्यात खाली, दहाव्या रकान्यात.

"अगं, पवनी शेवटी काहून लिवलं?" मी मुलीला विचारलं.

तिनं बापाकडे पाहिलं. बाप माझ्याकडे असा पाहत होता, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले.

"शेवटीच तं लिवा लागते ना जी," ते म्हणाले. "सुरुवात शेवटून होते."

"कुठं होते शेवटून?"

"कुठं म्हंजे? सगळीकडंच."

मग माझ्या लक्षात आलं, आणि मी कपाळाला हात लावला.

आमच्या तळ्याचं पाणी सोडायचं जे तोंड आहे, त्याला तुडूम म्हणतात. पावसानं ताण दिला की तुडूम उघडतात आणि पाणी बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये सोडतात. कोणाच्या किती बांध्या, याची यादी तळ्यापासून टोकापर्यंत लिहिलेली असते, पण वाचतात ती खालून. सगळ्यात लांबची, टोकाची बांधी आधी. तिचं पोट भरलं की तिच्या वरची, आणि असं करत शेवटी तळ्याला लागून असलेली. कारण साधं आहे. वरच्यांनी आधी घेतलं तर टोकाला थेंब पोचत नाही. हे गावात कोणी कोणाला शिकवत नाही. पाणी द्यायचं म्हणजे खालून, हे सगळे जन्मापासून पाहतात. आणि या मुलीचे वडील तर पाणी वाटणाऱ्या मंडळींतलेच. सरकारनं सगळ्यांना न्याय मिळेल अशी यादी मागितल्यावर ती खालूनच वाचणार, याबद्दल त्या माणसाच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती.

"भाऊ, मले विचारायले काय झालं होतं?" मी चिडून म्हटलं. खरोखर चिडले होते मी. "दोन पावलांवर घर आहे माझं!"

"यात काय विचारायचं होतं जी?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून भंडाऱ्याला गेले. ऑफिसात प्रशिक्षणातलेच साहेब भेटले. मी सगळं सांगितलं, अगदी तळ्यापासून. त्यांनी स्क्रीनवर तिचा नंबर टाकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पहिली पसंती मिळाली आहे मॅडम हिला. मग अडचण काय?"

"ती तिची पहिली पसंती नाही सर. ती शेवटची आहे."

"सिस्टिमप्रमाणे पहिली आहे."

"सिस्टिमला कळलं नाही."

"सिस्टिमला बरोबर कळलं आहे. पालकांना कळलं नाही. मार्गदर्शन कोण करत होतं तुमच्याकडे?"

मग त्यांनी समजावून सांगितलं की पहिल्या पसंतीचं मिळूनही जो घेत नाही तो मधल्या फेऱ्यांमधून बाद. सगळ्यात शेवटी सर्वांसाठी एक फेरी असते, तेव्हा जागा उरल्या तर बघता येईल. मी म्हटलं, पवनीला आत्ताच निम्मी बाकं रिकामी आहेत, मी फोन करून विचारलंय. ते म्हणाले, रिकामी असतील, पण नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यांचा आवाज अगदी गोड होता. मला त्या क्षणी टेबलावरचा पेपरवेट फार जवळचा वाटला.

पवनीच्या कॉलेजातले सर तर माझ्यापेक्षा वैतागलेले होते. "पाठवा ना तिला मॅडम, आम्ही पोरं शोधून राहिलो," ते फोनवर म्हणाले. "पण हातात काहीच नाही आमच्या. कॉम्प्युटरनं नाव दिल्याशिवाय दारात उभं करता येत नाही." म्हणजे जागा आहे, मुलगी आहे, बस आहे, शिकवायला माणूस आहे. आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलेत.

कॉलेज सुरू झालं. तिच्या मैत्रिणी सकाळच्या बसनं जाऊ लागल्या. उशिराचा रोवणा चालला होता आणि ती आईबरोबर बांधीत वाकलेली असायची. त्यांची बांधी रस्त्याला लागूनच. एकदा शाळेत जाताना मी पाहिलं, बसचा हॉर्न ऐकू आला आणि तिनं रस्त्याकडे पाठ केली. बस निघून जाईपर्यंत ती एकाच जागी पऱ्हे खोचत राहिली. इतका संताप आला मला, की पहिल्या तासाला मी एका गरीब पोराला शुद्धलेखनावरून उगीच झापलं.

मध्यंतरी मला एक माहिती ऑनलाइन भरायची होती. पहिली पसंती मिळूनही विद्यार्थ्याने प्रवेश का घेतला नाही. कारणं आधीच दिलेली, त्यातून एक निवडायचं. विवाह. स्थलांतर. शिक्षणात रस नाही. मी बराच वेळ त्या तीन कारणांकडे पाहत बसले. मग चौथं 'इतर' दिसलं, ते निवडलं, तर स्पष्टीकरण मागितलं. मी लिहिलं की आमच्या गावात यादी खालून वाचतात. ते स्वीकारलं गेलं. कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

शेवटची फेरी उघडली तेव्हा मी तिला घरी बोलावलं, फॉर्म माझ्यासमोर भरायला लावला. एकच कॉलेज, पहिल्याच रकान्यात. पवनीत अजूनही जागा होत्या, तिला प्रवेश मिळाला. जून-जुलैपासून ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते मिळालं पोळा होऊन गेल्यावर. वर्गात रसायनाचे कितीतरी धडे संपले होते. ती मैत्रिणींच्या वह्या आणून रोज उतरवून काढत होती, आणि त्यातलं निम्मं कळत नाही, असं मला सांगत होती. शिकवणीला गावात कोणी नाही. मी मराठीची बाई, मी तिला रसायन काय शिकवणार? दरम्यान जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी आनंदानं सांगितलं की बहुतेक विद्यार्थ्यांना पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं. टाळ्या वाजल्या. त्यात आमची पोरगीही मोजलेली होती.

दसऱ्याच्या सुमारास पावसानं ताण दिला. गावानं तुडूम उघडायचं ठरवलं. रविवार होता, मी पाळीवर गेले, नेटवर्कसाठीच. तिचे वडील तुडूमाशी उभे होते. त्यांची स्वतःची बांधी तिथून हाकेच्याही अलीकडे, अगदी पायाशी. धान पिवळं पडायला लागलेलं, जमिनीला भेगा. समोर तळ्यात पाणी आणि त्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. मुलगी दूर टोकाला उभी होती, पाणी पोचलं की आवाज द्यायला. तिच्या एका हातात वही दिसत होती.

"तुमचं वाळून चाललं ना भाऊ," मी म्हटलं.

"येईन ना जी आपला नंबर," ते म्हणाले. "टोकावाल्यायचं होऊ द्या आधी."

मग त्यांनी विचारलं, "बारक्या पोराची दहावी आहे पुढच्या साली. त्याचं कसं लिवायचं?"

"जे पाह्यजे ते पह्यल्या रकान्यात लिवायचं भाऊ. तिथं वरतूनच सुरू होते."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं, पण लक्षात ठेवलं. खालून मुलीचा आवाज आला, "बाबा, अजून नाही आलं!" त्यांनी तुडूम आणखी थोडं उघडलं.

"लिवतो जी पह्यलंच," पाण्याकडे बघत ते म्हणाले. "पण मंग टोकावाल्यायनं काय करायचं?"